एका अक्षराचं शुद्धिपत्र

ज्या शब्दाचा अर्थ आपल्याला ठाऊकच आहे अशी तुमची पक्की खात्री असते, तो शब्द तुम्ही कधी कोशात उघडून पाहिला आहे का? बहुतेक नसेल. न समजलेला शब्द माणूस शोधतो. समजल्यासारखा वाटणारा शब्द मात्र तो बिनधास्त वापरतो, आणि दुसऱ्यांनाही शिकवतो. मी सतरा वर्षांची असताना असा एक इंग्रजी शब्द वापरला आणि त्यामुळं एका बाईची बंद झालेली वाट आणखी चार महिने बंद राहिली. वाट अडवली दुसऱ्यांनी, पण ते चार महिने माझे. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं वाचताना दोष कुणाचा हे शोधत बसायला नको.

आमचं घर तळेगाव दाभाड्यात, स्टेशनाकडून गावात येणाऱ्या रस्त्याला. पुढच्या खोलीत छापखाना आणि मागच्या दोन खोल्यांत आम्ही तिघं: अण्णा, आई आणि मी. छापखाना म्हणजे पायानं चालवायचं एक जुनं ट्रेडल यंत्र, शिशाच्या अक्षरांचे खिळे भरलेले लाकडी खण आणि पाण्यात भिजवलेल्या कागदांचा वास. गावात संगणकावर पत्रिका करून देणारी तीन दुकानं तेव्हाच निघाली होती, पण अण्णांनी यंत्र विकलं नाही. लग्नपत्रिकांवर घर चालायचं आणि पत्रकांवर अण्णा. कारखान्यातून काढलेल्या कामगारांचं पत्रक, पाणी न आलेल्या वाडीचं पत्रक, शाळेच्या गळक्या छपराचं पत्रक. यंत्राचा खट्-घर्र-खट् आवाज थांबला की आई मागून ओळखायची, आता हा माणूस जेवायला येणार. मग चिकट इंद्रायणी भात, वालाची आमटी आणि प्रुफाच्या कागदावर वाढलेली शेंगदाण्याची चटणी. चटणीखालचा मजकूर आम्ही वाचत जेवायचो. अण्णांच्या हाताला रॉकेलचा वास असायचा, कारण खिळे रॉकेलनं धुवावे लागत. अजूनही कुठं रॉकेलचा वास आला की मला भूक लागते.

यंत्राच्या वर भिंतीवर एक चौकट होती. तिच्यात माझ्या आजोबांनी इंग्रजांच्या काळात छापलेलं एक पत्रक, आणि त्यावर तिरका, फिकट झालेला इंग्रजी शिक्का: प्रोस्क्राइब्ड. म्हणजे सरकारनं बंदी घातलेलं, जप्त केलेलं. दुसऱ्यांच्या घरात पूर्वजांचे फोटो असतात, आमच्या घरात हा शिक्का होता. आलेल्या माणसाला अण्णा चहाआधी तो दाखवत. मी शाळेत इंग्रजी मुळाक्षरं शिकण्याआधी हा शब्द ओळखायला शिकले होते. पुढं जे झालं त्याचं मूळ या चौकटीत आहे. मला तो शब्द फार जवळचा वाटायचा, आणि जवळच्या गोष्टींची आपण चौकशी करत नाही.

इंग्रजीत एकमेकांसारखे दिसणारे शब्द जमवायचा नाद मला अण्णांच्या एका चुकीमुळं लागला. देहूरोडच्या डेपोतल्या कामगारांसाठी त्यांनी एक पत्रक छापलं होतं. मथळ्यात ‘ऑर्डनन्स’ हवं होतं, म्हणजे तोफा, दारूगोळा. अण्णांनी मध्ये एक आय घातला आणि ते झालं ‘ऑर्डिनन्स’, म्हणजे अध्यादेश. गठ्ठा न्यायला आलेला कामगार मथळा वाचून म्हणाला, “अण्णा, आमी आता पेट्यांमदी हुकूम भरायचे व्हय?” अण्णा आठवडाभर कुणाशी नीट बोलले नाहीत. मी कोश काढून बसले तेव्हा कळलं की दोन्ही शब्द एकाच आईची लेकरं. मुळात दोन्हींचा अर्थ व्यवस्था लावणं, आज्ञा देणं. एक लेकरू कागदाकडं गेलं, दुसरं तोफांकडं. मग मी एक वही केली आणि तिला नाव दिलं ‘जुळी’. तिच्यातली माझी आवडती जोडी होती डिमर आणि डिम्युअर. डिमर म्हणजे हरकत घेणं, अडून बसणं. त्याच्या शेवटी एक मुका ई लावला की होतं डिम्युअर, म्हणजे खाली मान घालून वागणारी. मी हे आईला सांगितलं तेव्हा ती भाकरी थापत होती. ती म्हणाली, “एक अक्षर वाढलं की बाई गप्प. कुणी केली गं ही भाषा?” मी वहीत तिचं वाक्यही लिहून ठेवलं.

दौलतबी आमच्याकडं आली ती मार्च संपता संपता, भर दुपारी. दौलतबी ही आईच्या माहेरची शेजारीण, त्यामुळं माझी मावशी. लोणावळ्याच्या वरच्या अंगाला बारा-पंधरा घरांची वस्ती आहे, तिथं तिच्या चार म्हशी होत्या. पहाटे धार काढून ती दोन किटल्या घेऊन उतारावरच्या पायवाटेनं खाली यायची आणि स्टेशनामागच्या चहावाल्यांना दूध घालायची. वाट पाऊण तासाची. लग्न होऊन वस्तीवर आल्यापासून ती त्या वाटेनं चालत होती, तिच्याआधी तिची सासू. त्या मार्चमध्ये उतार कुणीतरी बंगल्यांसाठी घेतला, वाटेच्या तोंडाशी लोखंडी फाटक बसवलं आणि त्याला कुलूप घातलं.

“सडकंनं जायचं तर अडीच तास लागत्यात,” दौलत मावशी म्हणाली. “ऊन चढतं. काल निम्मं दूध फाटलं. चहावाला म्हनला, मावशी, पनीर इकायला लागा आता.”

“फाटकाशी कोण असतं?” अण्णांनी विचारलं.

“एक रखवालदार हाय, बिहारकडला. गरीब हाय बिचारा. त्यो म्हनतो, अम्मा, चावी मेरे पास नहीं है. मी म्हनलं, तुज्याकडं न्हाई, माज्याकडं न्हाई, मग कुलूप लावलं कुनासाठी?”

अण्णा त्याच दिवशी खण उघडून बसले. पत्रकाचा मजकूर मात्र मी लिहिला, माझं पहिलं अख्खं पत्रक. मथळा होता ‘ही वाट कुणाच्या मालकीची?’ आणि त्यात मी भांडवल, गिळंकृत, षड्‌यंत्र असे शब्द इतक्यांदा वापरले होते की अण्णांच्या खणातले ‘ष’ संपले. आता ते वाचताना मला जाणवतं की त्यात दौलत मावशीच्या म्हशी नव्हत्या, किटल्या नव्हत्या, फाटलेलं दूध नव्हतं. पण तेव्हा स्टेशनावर ते वाटताना मला वाटलं होतं की फाटक आता उद्या पडणार.

फाटक पडलं नाही म्हणून दावा लावायचं ठरलं. अण्णांच्या ओळखीचे एक वकील होते. त्यांना दावे इंग्रजीतच लिहायची सवय. त्यांच्याकडं एक वयस्क टायपिस्ट होते, सगळे त्यांना तात्या म्हणत. तात्यांच्या टंकलेखनात चुका फार, अशी वकिलांची तक्रार असायची, म्हणून अण्णा अभिमानानं म्हणाले, “आमची उल्का तपासून देईल. तिचं इंग्रजी पक्कं आहे.” अशा तऱ्हेनं दौलत मावशीच्या दाव्याचा मसुदा लाल शाईच्या पेनासकट माझ्यासमोर आला. मी तीसेक चुका काढल्या आणि त्या खरोखरच चुका होत्या. मग एक वाक्य आलं. त्याचा मराठीत अर्थ असा होत होता: वादीला या वाटेवरून जाण्याचा हक्क प्रिस्क्रिप्शननं मिळालेला आहे.

मी हसले. प्रिस्क्रिप्शन म्हणजे डॉक्टरची चिठ्ठी. वाटेवरून चालायला डॉक्टर कधीपासून चिठ्ठी द्यायला लागले? माझ्या वहीत तर या शब्दाचं जुळं भावंड होतंच, आणि भिंतीवर चौकटीतही होतं. वाट बंद केली आहे, बंदीचा दावा आहे, तेव्हा शब्द हवा प्रोस्क्रिप्शन. तात्यांनी ओच्या जागी ई मारला, दुसरं काय? मी ई खोडून ओ घातला. चार ठिकाणी तोच शब्द होता, चारही ठिकाणी घातला.

अण्णा शेजारी पत्रिका मोजत होते. “खात्री आहे ना?” त्यांनी न बघताच विचारलं.

“अण्णा, हा आपल्या घरातला शब्द आहे,” मी म्हणाले.

कोश माझ्या हातापासून वीतभर अंतरावर होता. तात्यांनी लाल शाईप्रमाणे पानं पुन्हा टाईप केली, वकिलांनी घाईत सही केली, आणि दौलत मावशीनं तिला येत असलेली एकमेव गोष्ट लिहिली, तिचं नाव. त्याला तिला बराच वेळ लागला.

एप्रिलच्या सुरुवातीलाच तारीख पडली, तेव्हा मीही कोर्टात गेले. फाटक तात्पुरतं उघडायचा हुकूम त्या दिवशी मिळेल असं वकिलांना वाटत होतं. त्यांचं बोलून झालं. मग समोरचे वकील उठले. बारीक, शांत माणूस. त्यांनी आमच्या दाव्यातलं ते वाक्य वाचलं, चष्मा वर केला आणि म्हणाले, “साहेब, वादी स्वतःच सांगतायत की त्यांचा हक्क बंदीनं मिळालेला आहे. एकदा नाही, चार वेळा. बंदीनं मिळालेला हक्क आम्ही कुठं नाकारतो? तो त्यांनी खुशाल फाटकाबाहेर उभं राहून भोगावा.”

सगळे हसले. न्यायाधीशही किंचित. सगळे हसतायत म्हणून दौलत मावशीही हसली, पदर तोंडाला लावून. एवढ्या वर्षांनंतर त्या खोलीतलं मला दुसरं फारसं आठवत नाही. तिचं ते हसणं मात्र आठवतं.

न्यायाधीशांनी दुरुस्तीचा अर्ज द्यायला सांगितलं. अर्जावर समोरच्यांचं म्हणणं यायला हवं, आणि मध्ये उन्हाळ्याची सुट्टी. तारीख जूनमधली पडली. बाहेर व्हरांड्यात आमचे वकील तात्यांवर ओरडले, “डोळे तपासून घ्या, तात्या! चार-चार ठिकाणी एकच चूक? कायद्याचं काम करता की वाण्याच्या पुड्या बांधता?”

तात्यांनी माझ्याकडं पाहिलं. एकदाच. मग म्हणाले, “चुकलं, साहेब.”

मी खाली मान घालून उभी होते. भांडवलाविरुद्ध पत्रक लिहिणारी, डिमरचा अर्थ आईला शिकवणारी मी त्या व्हरांड्यात शेवटच्या मुक्या ईसकट उभी होते.

वकील पुढं गेल्यावर तात्यांनी फाईलमधून लाल शाईचं ते पान काढलं आणि माझ्या हातात ठेवलं. “हे तुझ्याकडे असू दे. फाईलमध्ये नको. लाल शाई दिसली की मी विचारत नाही, साहेबांचीच समजतो. पण पोरी, ई बरोबर होता.” ते एवढंच बोलले आणि चहाला गेले. त्यांच्या आवाजात राग असता तर मला सोपं गेलं असतं.

त्यानंतरचे दोन दिवस मी कुणाला काही सांगितलं नाही. तिसऱ्या दिवशी ग्रंथालयात जाऊन जाड कोश उघडला. दोन्ही शब्दांचं मूळ एकच, ‘लिहिणं’ या अर्थाचा लॅटिन धातू. प्री म्हणजे आधी. डॉक्टर औषध देण्याआधी लिहितो ते प्रिस्क्रिप्शन. पण त्याच्या कितीतरी आधी रोमन कायद्यात दाव्याच्या माथ्याशी एक अट लिहीत असत आणि तिचं नाव तेच होतं. इतका काळ गेला, आता ही तक्रार ऐकू नये, अशी ती अट. त्यातून पुढं अर्थ निघाला: एखादी गोष्ट पुरेशी वर्षं, उघडपणे, बिनतक्रार वापरली की तो वापरच हक्क होतो. आपल्या कायद्यात वाटेसाठी ही वर्षं वीस. आणि प्रो म्हणजे पुढं, लोकांसमोर. लोकांसमोर फळीवर लिहून लावणं म्हणजे प्रोस्क्राइब करणं. आधी त्या फळ्यांवर विक्रीच्या जाहिराती असत. पुढं राज्यकर्त्यांनी शत्रूंची नावं लावायला सुरुवात केली, आणि ज्याचं नाव फळीवर लागलं त्याचं घरदार जप्त. म्हणजे मी दौलत मावशीचा वापराचा हक्क खोडून तिथं जप्ती लिहिली होती. तीही सुवाच्य अक्षरात.

संध्याकाळी जेवताना मी ते लाल शाईचं पान अण्णांच्या ताटाशेजारी ठेवलं. त्यांनी वाचलं. आईनं आमटी वाढली, ती तशीच निवत राहिली. मग त्यांनी भिंतीवरच्या चौकटीकडं पाहिलं. मला वाटलं ओरडतील. ते म्हणाले, “छापखान्यात चूक झाली की काय करतात?”

“शुद्धिपत्र.”

“मग खण उघड.”

मी खिळे जुळवले. हाताच्या पंजाएवढा कागद. त्यावर लिहिलं होतं की अमुक दाव्यात चार ठिकाणी चुकीचा शब्द पडला, तो मसुदा तपासणाऱ्या उल्कानं घातला, टायपिस्टची त्यात चूक नाही. चूक: प्रोस्क्रिप्शन, म्हणजे बंदी. दुरुस्त: प्रिस्क्रिप्शन, म्हणजे दीर्घ, उघड व अखंड वापरानं प्राप्त झालेला हक्क. माझ्या मोठ्या पत्रकापेक्षा हा मजकूर लहान, आणि त्यात एकही ‘ष’ नव्हता. पहिली प्रत मी तात्यांना नेऊन दिली. त्यांनी ती घडी करून चष्म्याच्या डबीत ठेवली. दुसरी वकिलांना. ते लाल झाले, मग म्हणाले, “सही करण्याआधी मीही वाचायला हवं होतं,” आणि दुपारीच दुरुस्तीचा अर्ज लिहायला बसले. तिसरी प्रत घेऊन मी वस्तीवर गेले.

दौलत मावशी गोठ्यात होती. कागद हातात घेऊन तिनं उलटा-सुलटा केला आणि परत दिला. “वाच. मोठ्यानं वाच. म्हशींनाबी कळू दे.”

मी वाचलं. ‘दीर्घ, उघड व अखंड वापरानं प्राप्त झालेला हक्क’ इथं तिनं मला थांबवलं.

“म्हंजी वहिवाट?”

मी मान डोलावली.

“आगं, वहिवाट म्हन की. एवढं लांबडं कशाला लावलंस? माझ्या सासूला इचारलं असतंस तरी तिनं सांगितलं असतं.” ती खरोखरच चकित झाली होती. “आन् त्यापायी मी सडकंनं चाल्ली? तुज्या एका अक्षरापायी?”

“हो, मावशी.”

ती शेण भरता भरता विचार करत राहिली. मी रडायच्या बेतात होते, पण तिला रडण्याशी काही देणंघेणं नव्हतं. “कालेजला सुट्टी हाय न्हवं?”

“आहे.”

“मग ऱ्हा हितंच. उद्यापास्नं एक किटली तुजी.”

मी जूनपर्यंत वस्तीवर राहिले. पहाटे निघायचं, डांबरी सडकेनं, फाटकाला वळसा घालून. रखवालदार आम्हांला पाहून रोज मान फिरवायचा. किटलीची कडी तळव्यात रुतायची, आणि दुसऱ्या आठवड्यात मला उमगलं की दौलत मावशी डावा गुडघा न वाकवता चालते. पायवाटेवर असं चालावं लागत नाही, ती म्हणाली. सडक कठीण, वाट मऊ असते. कुठं कुठं बसायचं ते दगड वाटेवर तिला ठाऊक होते. सडकेवर बसायला जागाच नव्हती. मी भाषणं देण्याच्या वयात होते, पण हातात भरलेली किटली असताना भाषण करता येत नाही. तोल जातो. त्या दोन महिन्यांत मी ऐकायला शिकले असं म्हणणं बरं दिसेल, पण खरं सांगायचं तर मी दमून गप्प असायचे आणि ती बोलायची.

जूनमध्ये दुरुस्ती मान्य झाली, आणि जुलै संपता संपता फाटकाचं कुलूप काढायचा हुकूम आला. दाव्याचा शेवटचा निकाल लागायला आणखी काही वर्षं गेली. साक्षीच्या दिवशी त्याच शांत वकिलांनी दौलत मावशीला विचारलं, “या वाटेनं जायला तुम्ही कधी मालकाची परवानगी घेतली होती का?”

“वाटंला कुनी परवानगी इचारतं व्हय?” ती म्हणाली. “तुमी कोर्टात आला, जिन्याला इचारून आला का?”

पुन्हा सगळे हसले. या वेळी ती हसली नाही, कारण तिनं विनोद केला नव्हता. आमचे वकील मात्र पटकन काहीतरी लिहून घेत होते. परवानगी न मागता, आपलीच आहे असं समजून चालणं, वहिवाटीला कायद्यात नेमकं हेच लागतं. जाड कोशात मी तीन पानं वाचून जे शोधलं, ते तिनं एका श्वासात सांगितलं होतं.

वाट आज उघडी आहे. फाटकाच्या जागी दोन खांब उरलेत. पण दौलत मावशी त्या वाटेनं दूध घेऊन पुन्हा उतरली ती फक्त एक हंगाम. गुडघा सडकेनं खाल्ला. आता तिची सून उतरते, आणि मावशी वरच्या दगडावर बसून ती वळणाआड होईपर्यंत बघते. मी गेले की पाहुण्यांना माझी ओळख करून देते, “ही आमची अक्षर चुकलेली पोरगी.” त्यात कडवटपणा नसतो. तरीही मी दर वेळी तिच्या गुडघ्याकडं बघते. आता माझी स्वतःची पत्रकं निघतात, तिखटही असतात, पण यंत्राच्या वर आजोबांच्या पत्रकाशेजारी मी ते पंजाएवढं शुद्धिपत्र चौकटीत लावलंय. मूळ अर्थानं पाहिलं तर दोन्ही कागद प्रोस्क्राइब्डच: लोकांसमोर लिहिलेले.

तुमच्याकडं एकच मागणं आहे. तुमच्या वस्तीतून विहिरीकडं, शेताकडं, शाळेकडं, कब्रस्तानाकडं किंवा स्मशानाकडं जाणारी एक तरी वाट असेल, जिची कुणी कधी परवानगी मागितलेली नाही. या आठवड्यात ती एकदा चालून या. कोण चालतं, कुठून कुठं, किती वर्षांपासून, ते एका कागदावर मराठीत लिहा आणि वर शब्द घाला, वहिवाट. मग तो कागद त्या वाटेवरच्या सगळ्यांत म्हाताऱ्या माणसाला मोठ्यानं वाचून दाखवा. ते जिथं थांबवतील, तिथं थांबा आणि दुरुस्त करा.